पऱ्हाटीचा धूर

प्रिय रोहिणी,

शहाद्याहून तुझ्या पठारापर्यंत फोन लागतो, तरी ही बाई कागद-पेन घेऊन का बसली, असं म्हणून हसशील. हस खुशाल. शनिवारच्या जेवणाचं ठरलंय ते एकदा नीट लिहून द्यावं म्हणते. तुझ्या मळ्यावरचा गोवाल उद्या माझी भांडी घेऊन पिकअपनं वर येतोय, त्याच्याच हाती हे पत्र आणि एक छोटी डबी देते आहे. डबी पत्र वाचून झाल्यावर उघड. आधी उघडलीस तर तुला माझी शपथ आहे.

नाशिक-इंदूरची हॉटेलवाली मंडळी शनिवारी येणार आणि त्यांनी तुझी वाइन पसंत केली नाही तर वेली उपटाव्या लागतील, हे तू सांगितल्यापासून माझं इथे कशात लक्ष नाही. परवा लग्नाच्या ऑर्डरीत दालच्यात दोनदा मीठ घातलं. लोकांना मात्र गंमतच वाटते. जिनं वाइनचा थेंब कधी तोंडाला लावला नाही आणि लावणारही नाही, ती म्हणे वाइनसोबत काय खायचं ते ठरवणार. आता त्यांना कुठे सांगत बसू, की फेब्रुवारीत तोडणीच्या वेळी तू मला सगळ्या प्लॉटमधून फिरवलंस, वेलीवरची द्राक्षं खायला घातलीस आणि पिळल्या पिळल्या ताजा रस पाजलास? रस मला चालतो. वरच्या उताराच्या द्राक्षांचा आंबटपणा दातांना झोंबला होता. रात्री तिकडे थंडी उतरते म्हणून तो टिकतो, असं तू शाल पांघरून मला शिकवत होतीस. खालच्या बांधाकडच्या काळ्या द्राक्षांनी तर जीभ कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी आखडली. पुढे त्या रसाचं काय होतं ते तू सांगतेस, मी ऐकते आणि चूल पेटवते. इतकी वर्षं आपलं असंच जमलंय.

तर ऐक. पांढऱ्या वाइनसोबत तापीचे मासे, प्रकाशा गावातून सकाळी आणलेले, धडगावचं आमचूर आणि हळद लावून तव्यावर परतलेले. आंबटाला आंबट चालतं, हे तुझंच म्हणणं. गुलाबी जरा गोडसर आहे ना, तिच्यासोबत शेवभाजी. तिखट मी कमी करणार नाही. पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं की आपोआप ग्लासाकडे हात जाईल. लाल वाइनसोबत मटण ठेवलंय, पण काळा मसाला निम्म्यावर आणलाय, कारण तिचा तुरटपणा आणि आपलं तिखट एकत्र आले की तोंडाची आग आग होते म्हणालीस. दाण्याचं कूट सढळ घालीन. शेवटी लालसोबतच वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. सगळ्या जेवणात माझा जीव त्या भरतात आहे. ते कापसाच्या काड्यांवर, आपल्या पऱ्हाटीवर भाजलं तरच भरीत, नाहीतर नुसती वांग्याची भाजी.

हे लिहिताना शाळेतला आपला बाक आठवला. भूगोलाच्या तासाला तू डोळे उघडे ठेवून झोपायचीस आणि बाई जवळ आल्या की मी बाकाखालून तुला चिमटा काढायची. सुटल्यावर आपण अब्बांच्या अत्तराच्या दुकानात जायचो. तू डोळे मिटून बसायचीस, अब्बा एकेक कुपी तुझ्या नाकाशी धरायचे आणि तू नावं सांगायचीस. केवडा, खस, हिना. मी अत्तरवाल्याची पोर असून हटकून चुकायची. वेली लावल्यास तेव्हा अख्खं गाव हसलं. दारूचा वासही न खपणाऱ्या घरातली पोरगी दारू गाळणार म्हणून कमलकाकू स्वतःच्या लेकीशी, तुझ्याशी, सहा महिने बोलल्या नाहीत. एकटे अब्बा म्हणाले होते, तिच्या नाकावर भरवसा ठेवा.

काकू या बुधवारी बाजारात भेटल्या. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "रोहिणी धड जेवस नही वं माय, काय व्हयनं तिले?" कामाचा ताण आहे, असं सांगून मी वेळ मारून नेली. खरं काय ते मला तोवर कळलं होतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. फोनवर बोलले असते तर तू विषय बदलला असतास. मागच्या रविवारी तू चव बघायला माझ्याकडे आलीस, त्या दिवशी अवकाळीनं पऱ्हाटी भिजली होती म्हणून मी वांगी गॅसवर भाजली. तू पहिल्या घासालाच म्हणालीस, काय सुंदर धूर बसलाय. पऱ्हाटीचा धूर तर त्यात नव्हताच. तू लाल वाइनची बाटली उघडलीस तर मला समोरून ओल्या गोणपाटाचा वास आला. माझीच कांद्याची पोती भिजली की काय म्हणून मी उठून बघून आले, ती कोरडी ठणठणीत होती, म्हणजे वास त्या वाइनचाच. परत आले तेव्हा तू तोच ग्लास फिरवत म्हणत होतीस, छान खुलली आहे. रोहिणी, गणपतीतल्या त्या तापानं तुझं नाक नेलंय, आणि हे तू कुणालाही सांगितलेलं नाहीस. तू गेल्यावर मी खूप रडले. तुझं नाव न सांगता डॉक्टरांना विचारून आले. रोजच्या सरावानं बऱ्याच जणांचा वास परत येतो, पण खात्री देता येत नाही, असं म्हणाल्या. डबीत अब्बांनी भरून दिलेल्या कुप्या आहेत, गुलाब, लवंग, लिंबू, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि तो वास मनात आठवायचा. शनिवारी मी वाइनचा नुसता वास घेतला तर चालेल का, हेही अब्बांना विचारलं. म्हणाले, "नाक को कौन ताला लगाता? होंट सँभाल, बस." तेव्हा बाटल्या उघडताना मी तुझ्या शेजारी उभी राहीन. ग्लास तू धरायचा, मी हात लावणार नाही, नुसता वास घेईन. बाटली बिघडलेली असली तर चिमटा काढीन, ती बाजूला ठेव. आणि वांगी या खेपेला पऱ्हाटीवरच भाजणार आहे. धूर सुटला की मी तुझा हात दाबीन, मग कर कौतुक.

तुझीच, एका बाकावरची,
इफ्फत