ट्रेबलचं बटण

अप्पा,

दादाच्या कानांबद्दल तुम्हाला सांगायचं आहे, पण त्यासाठी आधी तुमच्या अँप्लिफायरबद्दल सांगावं लागेल. तो आता माझ्याकडे आहे, कोल्हापुरात, माझ्या भाड्याच्या खोलीत. मी इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते, त्यामुळे मी पदवीधर झाले आणि शिक्षिका झाले, यातलं काहीच तुम्ही बघितलं नाही. इचलकरंजीचं घर बदललं तेव्हा आई म्हणाली, "ह्यो डबा कोण नेतंय ते सांगा, न्हायतर भंगारात जाईल." दादा काही बोलायच्या आत मी म्हणाले, मी नेते.

तो घरी आला तो दिवस मला चांगला आठवतो. तुम्ही ज्यांच्या कारखान्यात माग चालवायचात, त्या मालकांच्या घरात नवी सिस्टीम आली होती आणि त्यांनी जुना जपानी अँप्लिफायर माळ्यावर टाकायला काढला होता. तुम्ही तो मागून घेतलात. कॅसेट वाजवायचा डेक आणि दोन्ही स्पीकर रिक्षात घातलेत, पण अँप्लिफायर मात्र सायकलच्या कॅरियरवर, मागावरून निघालेल्या कापडाच्या तुकड्यांत गुंडाळून, स्वतः चालत आणलात. रुपेरी तोंड, जड बटणं, आणि चालू केलं की काचेमागं पेटणारा पिवळसर उजेड. आई दाराशी मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. ती म्हणाली, "आणि एक तोंड घरात आलं." तुम्ही हसलात आणि बासरीची कॅसेट लावलीत. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळ करून, स्वच्छ बनियन घालून त्याच्यासमोर बसताय, हे चित्र आमच्या घरात कायमचं झालं. आवाज मोठा नसायचा, पण तीक्ष्ण असायचा. बासरीपेक्षा कॅसेटची सरसरच जास्त ऐकू यायची. शेजारच्या मावशी खिडकीतून विचारायच्या, "अवं भाऊजी, गाणं लावलंय का भजी तळायलाय?" आणि तुम्ही म्हणायचात, "खायाला या की मग!"

एकदा मी त्याचं ट्रेबलचं, म्हणजे बारीक सूर वाढवायचं बटण मागं फिरवलं. सरसर थांबली, आवाज कसा मऊ झाला, आणि मला वाटलं तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही उठलात, बटण पुन्हा शेवटच्या टोकाला नेलंत आणि म्हणालात, "हात लावू नगं. गाण्याचा जीव जातोय." तुम्ही आमच्यावर कधी आवाज चढवत नव्हता, म्हणून ते बोलणं मला लागलं. त्यानंतर घरात त्या बटणाला कुणी हात लावला नाही.

इथं आल्यावर तो चालेना, तेव्हा कुणीतरी मला एका काकांचा पत्ता दिला. ते बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्या घरात सोफ्यापेक्षा अँप्लिफायर जास्त आहेत. दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे पाच-सहा माणसं जमतात. एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांनी नुकताच घेतलेला अँप्लिफायर बायकोला कळू नये म्हणून दवाखान्यात ठेवलाय. पेशंट त्याच्याकडं बघून विचारतात, "डॉक्टर, ह्यानं काय करायचं असतंय? दुखतंय काय?" जुने भाग बदलायचे की आहेत तसेच ठेवायचे, यावरून ही माणसं चहा गार होईपर्यंत भांडतात आणि मग कुणीतरी रेकॉर्ड लावली की एकदम गप्प होतात. डोळे मिटून बसलेली ती मोठी माणसं बघताना मला तुमची सुट्टीची सकाळ आठवते. मी आधी दुरुस्तीसाठी गेले होते, आता ऐकायलाच जाते.

काकांनी तुमच्या अँप्लिफायरचं झाकण काढलं आणि आधी वास घेतला. हे सगळेच करतात, ट्रान्सफॉर्मर जळका असेल तर नाकाला आधी कळतं म्हणे. जळका वास नव्हता. आत कापसाची धूळ होती, एवढी की काका म्हणाले, "ह्यात तर उशी भरंल, बाळ." मग त्यांनी एकेक बटण फिरवून बघितलं. व्हॉल्यूम, बास, सगळी खरखरत का होईना फिरली. ट्रेबलचं शेवटाला घट्ट बसलं होतं.

"इचलकरंजीचा काय?" त्यांनी विचारलं.

मी गावाचं नाव सांगितलंच नव्हतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"तिकडचे सेट असेच येत्यात. मागाच्या खडखडाटात वर्षं गेली की बारीक, वरचे सूर ऐकायचे कमी होत्यात. मग माणूस बटण फिरवत जातंय, फिरवत जातंय. बटण संपतंय, पण सूर काय येत न्हाय." एवढं बोलून ते स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले.

अप्पा, मग मला एकेक आठवत गेलं. आम्ही बोलताना तुम्ही आमच्या तोंडाकडं टक लावून बघायचात, आणि मला ती तुमची माया वाटायची. ती मायाही असेल. पाहुण्यांच्या घोळक्यात तुम्ही नुसते हसत बसायचात आणि लोक म्हणायचे, माणूस शांत आहे. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त नवल वाटलं, की इतकं सगळं आमच्या समोर होतं आणि आम्ही त्याला तुमचा स्वभाव म्हणत होतो.

काकांनी अँप्लिफायर चालू केला आणि ते बटण मोकळं केलं. आता ते हलक्या हातानं फिरतं. मी ते मध्यावर ठेवलं, आणि तीच बासरीची कॅसेट पहिल्यांदा अशी ऐकली, की वाजवणाऱ्याची फुंकर कुठं संपते आणि सूर कुठं सुरू होतो ते कळावं. मला फार अभिमान वाटला. दादाला फोन करून सांगितलं, ये, ऐकून जा.

तो एका रविवारी आला. तो आता जॉबर आहे. तुमच्याच जुन्या कारखान्यात बिघडलेले माग दुरुस्त करतो. रांगेतून चालता चालता, कुठला माग बिघडायला आलाय ते तो नुसत्या आवाजावरून सांगतो, असं सगळे म्हणतात, आणि त्याला स्वतःलाही ते सांगायला आवडतं. मी चहा टाकत होते. त्यानं थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "काय गं, एवढा खर्च केलास आणि आवाज गोणपाटात गुंडाळल्यावानी झालाय." मग उठून त्यानं ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत नेलं. खोलीभर सरसर झाली. "हां, आता कसं! अप्पांच्यावानी."

मी गॅस बंद केला. म्हणाले, "दादा, कान तपासून घेऊ या."

"का? म्हातारा झालो व्हय मी? शिकलीस म्हणून सगळ्यांच्यात रोग दिसाय लागलेत तुला."

"मागाच्या आवाजानं होतं ते. लवकर कळलं तर..."

"कळलं तर काय? मालकाला कळलं म्हंजे झालं की! कानानं अधू जॉबर कोण ठेवतंय? झाडू देतील हातात." तो माझ्याकडं न बघता बोलत होता. "माझं कान हायत म्हणून माझी किंमत हाय. त्यात बोट घालू नगं तू."

माझ्या तोंडावर अख्खा धडा आला होता. ध्वनी, कंपनं, सगळं. मी तो गिळला. म्हणाले, बरं, एक गंमत करू. कॅसेट मागं घेतली, ट्रेबल पार खाली आणलं आणि त्याला सांगितलं, डोळे मीट आणि बासरीतली फुंकर ऐकू आली की हात वर कर. तो हसला, पण त्यानं डोळे मिटले. मी हळूहळू बटण फिरवत जाते आहे. मध्याच्या जरा अलीकडं मला फुंकर स्वच्छ येते. दादाचा हात मांडीवरच. मी पुढं जाते. सरसर वाढते, माझ्या कानाला टोचायला लागते. हात मांडीवरच. शेवटाला पोचले तेव्हा त्यानं हात वर केला आणि आनंदानं म्हणाला, "आली!"

डोळे उघडून त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग बटणाकडं. यंत्रं त्याला कळतात. "तुला कुठनं येतीया?" त्यानं विचारलं. मी मध्याच्या अलीकडं बोट ठेवलं. तो त्या दोन जागांमधल्या अंतराकडं बघत राहिला. मग म्हणाला, "अप्पांचंबी असंच व्हतं व्हय गं?"

मी म्हणाले, व्हय.

पुढच्या आठवड्यात तो माझ्याबरोबर दवाखान्यात आला. गेलंय ते परत यायचं नाही, उरलंय ते सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो आता कानात आवाज अडवणारे फोमचे बोळे घालून शेडमध्ये जातो. पहिल्या दिवशी सगळ्यांनी त्याला विचारलं, "काय पावणं, अत्तर लावलंय काय?" मी बोळ्यांचा एक डबा घेऊन कारखान्याच्या दाराशी गेले होते, सगळ्यांना द्यायला. उत्तरेकडून आलेला एक तरुण विणकर म्हणाला, "मॅडम, इसमें गाना आता है क्या?" सगळे हसले, मीही हसले, पण त्यानं ते घातले. बाकीच्यांपैकी थोड्यांनी घातले, पुष्कळांनी खिशात टाकले. मी पुन्हा जाणार आहे. मालकाला दादानं अजून सांगितलेलं नाही. मला ते पटत नाही, पण ते सांगणं त्याचं आहे. माग तपासताना तो आता त्या यंत्राच्या अंगावर तळहात टेकवून उभा राहतो म्हणे, आणि त्याचा अंदाज अजून तरी चुकलेला नाही. मला मात्र दर फोनला धाकधूक असते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते मला माहीत आहे. लिहून झालं की वर्गातल्या वह्यांखाली ठेवीन. एकच गोष्ट राहिली. आई तुमच्याशी बोलायच्या आधी नेहमी तुमच्या खांद्याला हात लावायची. तुम्हाला कमी ऐकू येतं हे तिला ठाऊक होतं का, ते मी तिला विचारू शकते. ती सांगेलही. पण दहावीत वक्तृत्वाच्या स्पर्धेत मी बोलले तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली होती, आणि माझा आवाज त्या वरच्या सुरांसारखाच बारीक आहे, अप्पा. म्हणून मी तिला अजून विचारलेलं नाही.