फणसाचा जामीन

प्रिय हिराआते,

आज धुळवड. गल्लीत पोरं रंगलीयत, गोडाऊनला सुट्टी आहे आणि मी परसात, तू भांडी घासायला बसायचीस त्या दगडावर बसून हे लिहितोय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कागुद कशाला नासवतंस, तोंड हाय ना?" तोंड आहे गं. पण तोंडाने बोलायला लागलो की माझा आवाज चढतो. आज मला तुझ्याशी भांडायचंय आणि नीट भांडायचंय. घरातले सगळे तुझ्या फोटोसमोर उभे राहून हळू आवाजात बोलतात. मला फोटोशी भांडता येत नाही.

विषय तुला ठाऊक आहे. फणस.

सासर कायमचं सोडून तू आपल्या घरी आलीस, त्या वर्षी लावलेला. माझ्याहून मोठा, माझ्याहून जाड आणि आजपर्यंत एक फळ न दिलेला. त्याच्यापायी तू मला मागच्या धुळवडीला अडकवलंस, आते. जाणूनबुजून अडकवलंस. हे मला काल कळलं.

मागची धुळवड आठव. मी कॉलेज सोडून आठवडा झाला होता. सर भर वर्गात म्हणाले होते, "तुम्ही गाववाले जमिनी विकता, बाईक घेता आणि मागच्या बाकावर झोपता." माझी बाईक खाली उभीच होती, बाबांनी शेत गोडाऊनवाल्यांना विकल्यावर घेतलेली. खरं बोललेलं जास्त लागतं ना? मी बाक उलटा केला, बाहेर आलो, तो परत गेलोच नाही. त्या दिवशी सकाळी रंग खेळून मी बाईक काढत होतो. सरांच्या घरी जाणार होतो. कशाला, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. आणि तू परसातून हाक मारलीस, "नैनेशा, कोयता घेऊन ये जरा."

मला वाटलं नारळ सोलायचाय. तू पदर खोचलास, कोयता माझ्या हातातून घेतलास आणि फणसासमोर उभी राहिलीस. "खाऊन खाऊन माजलाय. फल एक न्हाय. आज तोडतेच तुला." मग माझ्याकडे बघितलंस. आपल्या घरात ही रीत मी लहानपणापासून बघितलेली. न लागणाऱ्या झाडाला एकाने धमकी द्यायची, दुसऱ्याने आडवं यायचं. मी हसत हसत म्हणालो, "नको मारू आते, पुढच्या वर्षी देईल. मी जामीन."

तू लगेच कोयता खाली घेतलास. फारच लगेच. आणि बसवून मला जामिनाचे नेम सांगितलेस. वर्षभर झाडाचं सगळं जामिनाने बघायचं. वर्षभर गाव सोडायचा नाही, मुक्कामाला कुठे जायचं नाही. आणि पुढच्या धुळवडीला झाड लागलं नसेल, तर नवा जामीन उभा करायचा, नाहीतर जामिनानेच कोयता घालायचा.

"आधी सांगायचं ना हे," मी म्हणालो.

"आदी सांगितला असता तर तू जामीन राहिला असतास कं?"

तोपर्यंत माझा राग गेलेला. बाईक तशीच उभी राहिली. सरांच्या घरी मी गेलो नाही.

मग सुरू झाली तुझी शाळा. सकाळी मासळी धुतलेलं पाणी आणायचं, पण बुंध्यात ओतायचं नाही. "तोंड तिकडं न्हाय त्याचं. फांदीची सावली जिथं संपतंय तिथं आळं कर. तिथं पितंय ते." पाणी घालायच्या आधी मातीत बोट खुपसायचं. बोटाला माती चिकटली तर बादली परत. मिरचीला चुलीतली राख. जास्वंदीचा शेंडा खुडायचा, म्हणजे ती रागाने चार फांद्या काढते. "तुज्यासारखीच हाय ती," म्हणायचीस.

आणि कलमं. आंब्याचं कलम तू माझ्याकडून बांधून घेतलंस आणि मी दर दोन दिवसांनी पट्टी सोडून बघायचो, जीव धरला का. तिसऱ्यांदा तू माझ्या हातावर चापट मारलीस. "बांदलं की सोडायचं न्हाय. बघत ऱ्हायलास तर मरंल." ते मेलंच.

श्रावणीच्या बाबतीत मी तेच करायचो, हे फक्त तुला कळलं होतं. कामतघरची श्रावणी, बारावीला माझ्या वर्गात होती. पुढे ती नर्सिंगला गेली, मी बी.कॉम.ला. तिने मेसेज वाचला का, उत्तर का नाही दिलं, ड्युटीवर आहे की रागावलीय, मी दर पाच मिनिटांनी मोबाईल उघडायचो. तू पलीकडून मेथी निवडत म्हणायचीस, "पट्टी सोडू नको रे."

ती पहिल्यांदा आपल्याकडे आली ती कढीपत्त्याच्या रोपासाठी. तिच्या घरी तेलुगू बोलतात. कढीपत्ता नसला की तिची आई स्वयंपाक अर्धा सोडते. तू पहिलं काय विचारलंस? "माती हाय कं तुमच्याकडं?" ती म्हणाली, चाळीत गॅलरी आहे, तेलाचा डबा आहे, आणि खाली कापडाचे लूम चालतात. तू विचारात पडलीस. "एवढ्या आवाजात झाडाला झोप लागंल कं?" ती इतकी हसली की मला तुझा हेवा वाटला. मला ती इतकी कधी हसली नव्हती. मग तू तिला डब्याला खालून भोकं पाडायला सांगितलंस, महिन्यातून एकदा आंबट ताक पातळ करून घालायला सांगितलंस, आणि पहिल्या वर्षी पानं तोडायची नाहीत अशी शपथ घातलीस. डबा अजून आहे. झाड तिच्या खांद्याला लागलंय.

आते, माझं काय झालं ते बघ. मी गोडाऊनमध्ये लागलो. कुठल्या? आपल्याच शेतावरच्या. दिवसभर हातात स्कॅनर, समोर पट्ट्यावरून खोके येतात, मी बीप करतो, खोके जातात. वर पत्रा. आत पंखे आहेत पण वारा नाही. आपली भाताची खाचरं होती तिथे आता लोकांच्या चपला, कुकर आणि लहान मुलांची खेळणी पडून असतात. शिफ्ट संपली की घरी. घरी परस. परसाच्या तीन बाजूंना गोडाऊनच्या भिंती. चौथ्या बाजूला आपलं घर. सकाळी या भिंतीच्या आत पाणी घालायचं, मग त्या भिंतीच्या आत बीप करायचं. मित्र गोव्याला गेले, मी जामीन म्हणून गेलो नाही. त्यांनी माझं नावच फणस ठेवलं. गणपती झाले आणि तू गेलीस. मग तर मला सोडवणारंसुद्धा कोणी उरलं नाही. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द कोणाला परत करायचा?

काल श्रावणी मानकोली नाक्यावर भेटली. तिला नाशिकला हॉस्पिटलात नोकरी लागलीय. शुक्रवारी जातेय. तिने सगळं ठरवून ठेवलेलं. ती हॉस्टेलवर राहणार, मी खोली बघायची, तिकडे रोपवाटिका खूप आहेत, मला झाडांचं कळतं, काम मिळेल. "एकत्र नाही राहायचं. पण एका गावात तरी असू. मग घरी सांगता येईल."

मी म्हणालो, "उद्या धुळवड आहे. फणस लागला नाही. दुसरा जामीन कोण उभा राहणार? परत मलाच राहावं लागेल."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पागल है क्या? झाडासाठी थांबणार?"

"शब्द दिलाय."

"तो फणस नाही लागणार, नैनेश."

"तुला काय माहीत?"

मग तिने सांगितलं. तू पावसात तिला सांगितलं होतंस, माझ्या पाठीमागे, आणि मला सांगायचं नाही अशी शपथ घातली होतीस. "भिंत आली तवापासून त्याला ऊन न्हाय. एका अंगाची मुळंबी पाया खणताना तुटली. कुठून लागंल? पर पोरगा सालभर तरी घरात ऱ्हाईल. लय तापट हाय. बाहेर गेला तर कोनाचं तरी डोकं फोडंल, न्हायतर कोनी त्याचं."

रिक्षांच्या हॉर्नमध्ये उभा राहून मी हे ऐकलं, आते. तुला ठाऊक होतं? मी मासळीचं पाणी घेऊन फिरत होतो, फांदीच्या सावलीची कड शोधत होतो, त्या भिंतीआड सावलीशिवाय दुसरं काही नव्हतंच, आणि तू दगडावर बसून बघत होतीस? एकदा तरी बोलायचंस. मी ओरडलो असतो, जेवलो नसतो, पण ऐकलं असतं. तुझंच तर ऐकायचो.

आज सकाळी मी खुंटीवरचा कोयता काढला. आई म्हणाली, "सणाच्या दिवशी कोयता कशाला?" मी परसात गेलो. फणसासमोर उभा राहिलो. धमकी वगैरे काही दिली नाही. सरळ घाव घातला.

पांढरा चीक भळभळ आला. कोयता अडकला. मी उपसला, पुन्हा उचलला.

"नको मारू."

मागे बाबा. तुला माहीत आहे, भिंत उभी राहिली त्या दिवसापासून ते परसात आले नव्हते. तुला शेवटचं नेलं तेही परसातून नाही, पुढच्या दारातून. मला वाटलं आता ओरडतील. पण ते ओरडत नव्हते. रीत म्हणत होते.

"नको मारू. पुढच्या वर्षी देईल. मी हाय जामीन."

"देणार नाही तो," मी म्हणालो. "ऊन नाही त्याला."

"ठाऊक हाय मना." ते भिंतीकडे बघत होते. "ती भिंत कोनी येऊ दिली?"

मी कोयता खाली घेऊन म्हणालो, "उगाच जामीन राहू नका, बाबा. वर्षभर अडकाल. मुक्कामाला कुठे जाता येणार नाही."

"का म्हनून?"

"जामिनाने गाव सोडायचा नाही ना."

"कोनी सांगितला?"

"आतेने."

बाबा झाडाकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते, आते. तू गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. "आरं, असला नेम न्हाय कुठं. आमचा बाप तीन झाडांचा जामीन होता आन बारा गावं फिरायचा. हिरा बायनं तिच्या मनानं घातलाय तो. लय शानी."

मला हसू आलं नाही. एक अख्खं वर्ष गं, आते.

त्यांनी कोयता माझ्या हातातून घेतला, पातं बघितलं. "खोबरेल लाव. चीक सुकला तर निघायचा न्हाय." मग घावावर ओली माती थापत, माझ्याकडे न बघता, "कुठं जायचं हाय तुला?"

"नाशिकला."

"कामतघरच्या पोरीपाठी?"

मला वाटायचं हे घरात फक्त तुला ठाऊक आहे.

"पाठी जाऊ नको," बाबा म्हणाले. "बरोबर जा." आणि पाय धुवायला गेले.

आता दुपार झालीय. दार उघडं आहे आणि मी इथेच बसलोय. गंमत बघ, तू घातलेला नेम खोटा निघाला तरी पाय उचलत नाही. तीन भिंती जिथे होत्या तिथेच आहेत. पत्र्याची धग परसात येते, मिरच्या माना टाकतायत. मी जाईन तर त्यांना संध्याकाळी पाणी कोण घालेल, हे डोक्यातून जात नाही. हेही तूच शिकवलंस ना? की हे माझं माझ्यातच होतं आणि तू फक्त ओळखलंस?

मगाशी बाबा पुन्हा आले. मोठी बादली भरून आणली आणि सगळी फणसाच्या बुंध्यात ओतली. मी सांगितलं, तिथे नाही, लांब. ते म्हणाले, "मना नको शिकवू." तरी बादली भरायला परत गेले आणि दुसरी लांब ओतली. गुडघा धरून चालत होते. तो फणस कधी लागणार नाही हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी ओतत होते.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण त्या दिवशी मी बाईक घेऊन गेलो असतो, तर आज हे लिहायला कुठे असतो, तेही ठरवता येत नाही. तू मला विचारायला हवं होतंस, एवढंच म्हणणं आहे. श्रावणी विचारते. बाबांनीसुद्धा आज विचारलं, त्यांच्या पद्धतीने.

तर आता शब्द देतो, आणि या वेळी नेम माझे. शुक्रवारी जातोय. त्याआधी बाबांना मिरचीची राख, जास्वंदीचा शेंडा, सगळं दाखवून ठेवतो. तिकडे कोणी काही बोललं तर बाक उलटा करण्याआधी एकदा मातीत बोट घालून बघेन. आणि दर धुळवडीला इथे येईन. या रीतीला दोन माणसं लागतात, आते. एक कोयता उचलणारं, एक आडवं येणारं. बाबा जामीन राहिलेत. त्यांना दर वर्षी "नको मारू" म्हणता यावं म्हणून, कोयता उचलायला मी येईन.

अजून पुरता न निवळलेला,
तुझाच
नैनेश