माशाची पाठ

टोकियो, ३ नोव्हेंबर

चि. योरिकोस अ. आ. वि. वि.

गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर अखेर बंद झालं. माझ्या पाठीवर गोंदलेल्या माशाला तिथे कोणी बिचकत नव्हतं. उलट म्हातारे थट्टा करत त्याचे खवले चोळून देत. तुझी आई गेल्यापासून माझ्या पाठीला दुसऱ्याचा हात लागायचा तो तिथेच. आता घरच्या टबात गुडघे पोटाशी घेऊन एकटा बसतो.

तुझ्या लग्नात सर्दीचं सोंग करून तुझ्या सासरच्या हॉटेलातलं गरम झऱ्याचं स्नान टाळलं होतं. आता वाटतं, एकदा तिथे यावं, जावयाने पाठ चोळून द्यावी. जमेल का?

तुझा,
बाबा

यामागाता, ७ नोव्हेंबर

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू तेच कळत नाही. गोंदलेल्यांना स्नानाला मनाई, अशी पाटी दारातच आहे, आणि सासूबाई ती रोज स्वतः पुसतात. गोंदण म्हणजे गुंड, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. तुम्ही जन्मभर इमारतींना परांच्या बांधल्यात, हे त्यांना पटायचं नाही. झाकायच्या पट्ट्या मिळतात, पण त्या तळहाताएवढ्या. तुमचा मासा कमरेपर्यंत.

पुढच्या महिन्यात त्या माहेरी जातील, तेव्हा गुपचूप या. रागावू नका हं.

आपली,
योरिको

टोकियो, १० नोव्हेंबर

चि. योरिकोस अ. आ.

वाट पाहवेना, म्हणून काल येऊन गेलो. परत आलो तर तुझं पत्र दारात पडलेलं.

पाटी वाचून आत शिरलोच नाही. रस्त्याकडेच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून बसलो. पायांना मनाई नाही. तू पाहुण्यांच्या बसला वाकून निरोप दिलास. मग माझ्याकडे आलीस आणि पाणी फार कढत नाही ना, असं विचारलंस. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, ओळखणार कशी? मी नुसती मान हलवली. बोललो असतो तर रडलो असतो.

गुपचूप मात्र येणार नाही, पोरी. प्रकृतीला जप.

बाबा

यामागाता, १३ नोव्हेंबर

ती. बाबांस शि. सा. न.

मी तुम्हाला ओळखलं होतं. बसलात त्या पद्धतीवरूनच ओळखलं. सासूबाई दारात उभ्या होत्या, म्हणून परक्याला विचारावं तसं विचारलं. तुम्ही मान हलवलीत आणि मी आत जाऊन पाहुण्यांच्या सपाता लावत बसले.

काल सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या माझ्याशी बोलत नाहीत. पाटी आहे तिथेच आहे.

शनिवारी तुमची पाठ चोळायला येऊ का? इथे सांगून येईन. नको म्हणालात तरी समजेन.

तुमची,
योरिको