ते तुला विचारत होते

प्रिय खारुताई,

तू पलीकडच्याच खोलीत आहेस आणि मी स्वयंपाकघरात बसून तुला पत्र लिहितोय. आई म्हणाली, त्यापेक्षा उठून तिच्याशी बोला की. पण तुझ्यासमोर आलो की माझं काय होतं, ते तुला ठाऊक आहे.

आज दोन लिफ्ट दुरुस्त केल्या. एकीत एक आजोबा अडकले होते, बाहेर येताच मलाच ओरडले. पूर्वी हे ऐकून तू पोट धरून हसली असतीस. तू बॅडमिंटन सोडलंस, मैत्रिणींचे फोन घेईनाशी झालीस, तेव्हाच आई म्हणाली होती की पोरीचं काहीतरी बिनसलंय. मी म्हटलं, औषधाने फिट यायची थांबलीय ना, मग झालं तर. लिफ्ट चालू झाली की मी सही घेऊन निघतो. तुझ्या बाबतीतही तेच केलं.

वर्गात तुला फिट आली, त्यानंतर मुलं तुझी नक्कल करायची, हे मला आत्ता कळतंय. आणि मी काय केलं? तुझी सहल रद्द केली, बाथरूमच्या दारात उभा राहून हाका मारत राहिलो. त्याला मी काळजी म्हणायचो.

परवा डॉक्टरांनी विचारलं, झोप लागते का, मन रमतं का. मी लगेच सुरू झालो, एकदम मजेत आहे ती. तू खाली बघत म्हणालीस, "बाबा, ते मला विचारतायत."

त्यांनी मला बाहेर पाठवलं. मग तुझी परवानगी घेऊन सांगितलं, की झोपल्यावर पुन्हा जागच येऊ नये, असं तुला कितीदा तरी वाटलंय. या आजारात मुलांचं मन असं खचू शकतं, कधी औषधानेही, कधी भीतीने, आणि त्यावर उपचार आहेत, असंही म्हणाले. मी जिन्यात बसून राहिलो. प्रत्येक भेटीत ते विचारत होते गं. उत्तर मीच देत होतो.

उद्या आपण डॉक्टरांनी सुचवलेल्या समुपदेशक बाईंकडे जाणार आहोत. तुला माझ्याशी काहीतरी बोलायचंय, असं त्या काल तुला भेटल्यावर म्हणाल्या. माझी खोड मला माहीत आहे. तू तोंड उघडलंस की मी समजूत घालायला लागेन, नाहीतर रडेन आणि तूच मला सावरत बसशील. म्हणून माझं जे काही होतं ते आज इथे बोलून टाकलं. उद्या तू बोल. रागाने बोललीस तरी चालेल, मध्येच थांबलीस तरी चालेल. ती जागा मी भरणार नाही.

तुझाच, गप्प राहायला शिकणारा,
बाबा