पाणवठ्यावरचा सत्कार

शिरूर कासार,
गुरुवार, दसऱ्यानंतरचा

तीर्थरूप तात्याबा मामा यांस,

भाचा गहिनीनाथ याचं पायावर डोकं. आमी हिकडं ठीक हाव. तुमचा गुडघा कसा हाय? मामींचा खोकला कसा हाय? हरभरा कसा हाय? (हरभऱ्याचं पुढं येईलच.) फोनच करणार होतो, पण तुमी फोनवर आधी शिव्या देता आन् मग ऐकता. म्हणून हे पत्र उमापूरच्या यष्टीत कंडक्टरच्या हाती देतोय.

यंदाचा पाऊस तुमाला ठावं हाय (म्हंजे न्हाईच झाला). तरी आमच्या गावानं वन्यजीव पर्यटन सहकारी संस्था काढली आन् मला गाईड केलं. काम सोपं हाय. माळावरच्या पाणवठ्यात टँकर सोडायचा, पावण्यांना झुडपाआड बसवायचं आन् गप ऱ्हा म्हणायचं. पुण्याचा पावना उतरला की पयलं इचारतो, वाघ कुठंय? आवो, वाघ असता तर मी हितं असतो का? माझी आवडती जनावरं येगळीच. लांडगा पाणी पिऊन असं बघतो, की वाटतं आपणच त्याच्या घरी बिनबोलावता आलाव. खोकड एवढंसं, पण वेळेचं लई पक्कं, सहाच्या यष्टीनं लाजावं असं. पण सगळ्यात लाडका म्हंजे मोडशिंग्या काळवीट. डाव्या शिंगाचं टोक मोडलंय, तरी चाल अशी ऐटीत, की बघतच ऱ्हावं. तो सात माद्या घेऊन पाण्यावर आला की माझा ऊर भरून येतो, खोटं कशाला बोलू?

आता खरी गोष्ट. तुमच्या भाचेसुनंनं, छबुनं, बजावून ठिवलंय की संस्थेला मान्यता मिळाली तर ठीक, न्हाईतर दिवाळीआधी ऊसतोडीला. (मुकादम नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो, त्यामुळं मला एकट्याला रुसून मागं ऱ्हायची सोय न्हाई.) मागच्या साली मुक्ताला फडावर नेलं, तर पोरीची निम्मी तिसरी बुडाली. आता कुठं तिचे पाढे रुळावर आलेत. मामा, मला तिला परत न्यायचं न्हाई.

गेल्या सोमवारी मान्यतेसाठी वनखात्याचे साहेब आले. चार दिस मी गावाला सांगत होतो, माळावर कुणी खोकूसुदिक नका. पण आमचे चेअरमन बबनराव! मोटार दुरुस्त करणाऱ्याचासुदिक सत्कार करणारा माणूस. म्हणलं, सत्कार गावात करू. तर म्हणाले, जिथं काम तिथं सत्कार. हलगीवाले बाभळीमागं दडवून ठिवले, मला पत्ताच न्हाई. मोडशिंग्या पाण्याजवळ आला, साहेब दुर्बिणीचं टोपण काढायला लागले, आन् त्याला बघून बबनरावांना एवढा आनंद झाला की त्यांनी हात वर केला. हलगी कडाडली. मोडशिंग्यानं जी उडी घेतली, ती तालुका ओलांडूनच थांबली. साहेबांच्या गळ्यात हार, खांद्यावर शाल, हातात नारळ, आन् समोर मोकळा माळ. त्यांनी वहीत लिवलं : प्राणी, एक शेळी. (ती केसरबाईची. हार खायला आलती.) साहेब मनाचे चांगले, येत्या सोमवारी परत येतो म्हणाले. पण ती शेवटचीच खेप.

बाकी सगळं बरं हाय. मामींच्या पाया पडतो.

तुमचाच
गहिनीनाथ

ता. क. तुमचा निरोप मिळाला. डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं काळं जनावर सात माद्या घेऊन हरभऱ्यात घुसलंय आन् तुमी सुतळी बॉम्ब आणलेत म्हणं. मामा, हात जोडतो, वाजवू नका! सोमवारपर्यंत खाऊ द्या, मी साहेबांना तुमच्या बांधावर घेऊन येतो. संस्थेचं कार्यक्षेत्र तिथवर पोचावं म्हणून तुमाला सभासद करून घेतलंय. (सही मीच केली. तुमच्यापेक्षा बरी आलीय.)

आणखी ता. क. हे मी फक्त छबुला सांगितलं होतं. तिनं टँकरपाशी एका बाईला सांगितलं, म्हंजे गावालाच. आत्ताच कळलं, काळविटाला हरभरा देणारा थोर शेतकरी म्हणून तुमचा बांधावर सत्कार करायला बबनराव हलगीवाले घेऊन ह्याच्या मागच्या यष्टीनं निघालेत. मामा, ते सुतळी बॉम्ब टाकून देऊ नका. ती यष्टी उमापूरला लागली, की स्टँडवरच वाजवा.