यादीतली शेवटची ओळ

परभणी, १२ जुलै १९९३

माझ्या वर्गातल्या सुजाताची वसतिगृहातली राखीव जागा आज संगणकापायी जात होती, म्हणून लिहिते आहे. पडद्यावर प्रवर्गांची यादी उघडते. तीत 'नवबौद्ध' दिसेना, तर आमच्या कॉलेजच्या कारकुनाने तिला 'इतर'मध्ये टाकले.

"मशिनीतच न्हाई, बाई. मशिन खोटं बोलंल का?" तो मला म्हणाला.

"सर, दाखला तुमच्या हातातच हाय की!" सुजाता म्हणाली.

मी खालच्या बाणाची कळ दाबली. यादी सरकली, शेवटची ओळ वर आली. पडद्यावरचा यादीचा चौकोन तोकडा होता, एवढेच. एक कळ! दाखला हातात धरून त्याला ती दाबावीशी वाटली नाही? की दाबायचीच नव्हती? किळस आली.

दुरुस्त अर्ज अधीक्षिकाबाईंना स्वतः नेऊन दिला. खोलीची किल्ली सुजाताने सही करून घेतली.