आप्पांची घंटा

४ जून

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद. टक्कल पडायला लागलं तरी पत्रात तू चिरंजीवच.

पोहोचले एकदाची. या अभयारण्यात शिरताना फाटकावरच मोबाइल जमा करून घेतात, त्यामुळे आता पत्रं. सामानाची जीप सोमवारी आणि गुरुवारी येते, तीच टपाल आणते-नेते. इथे सगळं जंगलाच्या मर्जीने चालतं. लाकडी खांबांवर उभी असलेली खोली, उन्हावर चालणारा एकच दिवा, आणि ऊन तर झाडांतून खाली उतरतच नाही. संडासात पाण्याऐवजी भुसा टाकायचा. माझा साबण काढून घेऊन त्यांचा दिला. त्याला फेस येत नाही, पण ओढ्यातले मासे जगतात म्हणे. दारावर पाटी आहे, जे आणलंत ते सगळं परत न्या. मी आणलाय तो थकवा. तेवढा इथे ठेवून जाऊ दिला तर उपकार होतील.

झोप मात्र लागत नाही. इथे एक पक्षी आहे, दिसत नाही, पण पितळी भांड्यावर चमचा आपटावा तसा टण्ण आवाज काढतो. तो ओरडला की मला कळायच्या आत माझे पाय चपलेत गेलेले असतात. मग आठवतं, आप्पा इथे नाहीत. बाकीचे पाहुणे दुर्बिणी घेऊन त्याला शोधत फिरतात. मला सापडला तर मी त्याला चांगले चार शब्द सुनावणार आहे.

आता आप्पांचं. अर्धांगवायूनंतर त्यांचा आवाज खोलीबाहेर जात नाही, म्हणून ती घंटा. ती कायम उजव्या हाताशी ठेव. वाजली की जायचं. उशी सरकवा, पाणी द्या, खिडकी लावा, खिडकी उघडा, किती वाजले सांगा. चिडायचं नाही. आणि मागच्या खोलीत गडबड नको, डॉक्टरांनी शांतता सांगितली आहे.

तुझ्या रजेचा महिना संपला की आप्पा कोणाकडे राहणार ते ठरवू, असं तू म्हणालास. ठरव बाबा. सहा वर्षं केलं, पण आता माझ्याच्याने होत नाही. तोंडावर बोलता आलं नसतं म्हणून लिहिते. आणि तू त्यांना तुझ्या गावी नेलंस तर त्या रिकाम्या घरात मी काय करणार, तेही सुचत नाही.

लोभ आहेच. सध्या तो सगळा आप्पांवर खर्च कर.

तुझी ताई


७ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इकडे सर्व ठीक. आप्पा जेवतात, झोपतात, आणि मी दाढी करताना डोळे घट्ट मिटून घेतात. तुझी भावजय म्हणते, त्यांचा माझ्यावर विश्वास नाही. कानाखाली दोन जागी कापलं आहे, पण ते काही मनावर घेऊ नकोस.

एकच अडचण आहे. घंटा सापडत नाही. तू निघालीस त्या दिवसापासूनच नाही. कपाटामागे, गादीखाली, औषधांच्या डब्यात, सगळं पालथं घातलं. आप्पांना विचारलं तर ते नुसते हसले. तुला काही आठवतंय का?

आणि हे बघ, लवकर परत यायचा विचार तुझ्या डोक्यात शिजत असणार, मी ओळखतो तुला. यायचं नाही. आलीस तर दार उघडणार नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा छोट्या


११ जून

चि. छोट्यास आशीर्वाद.

घंटा माझ्याकडे आहे. पत्र वाचल्यावर बॅग उपसली, तर तळाशी टॉवेलात सापडली. आप्पांच्या उशाचं टेबल पुसताना मी ती रोज खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळते, वाजू नये म्हणून, आणि पुसून झालं की परत ठेवते. त्या सकाळी पुसता पुसता रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला आणि मी टॉवेल तसाच बॅगेत कोंबला. जंगलात यायचं म्हणून आप्पांचा आवाजच उचलून आणला मी. इतके दिवस ते कसे हाक मारत असतील रे? कोणाला ऐकू जात असेल का? विचार करून डोकं फुटायची वेळ आली आहे.

आजच्या जीपमध्ये जागा नाही, सोमवारचीही भरली आहे. पुढच्या गुरुवारी, अठरा तारखेला, मी येते. दार उघडू नकोस, मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे आहे.

बॅग भरून मॅनेजरबाईंना सांगायला गेले. त्या ओल्या कचऱ्यातून कोरडा कचरा वेगळा करत बसल्या होत्या. जाते म्हणाले आणि एकदम रडू कोसळलं. त्यांनी हातमोज्यांची दुसरी जोडी पुढे केली. मग मीही कचरा निवडत बसले. खरं सांगू का, मला यायचं नाहीये. कालपासून पहिल्यांदा कुठे डोळा लागत होता. पण घंटेशिवाय त्यांचं कसं होणार?

उरलासुरला लोभ घेऊन येते आहे.

ताई


१३ जून

ती. वन्संना सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या भावाला दाखवलेलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून काही कळवायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. पण तुम्ही बॅग भरून बसला आहात हे वाचल्यावर मला राहवेना.

घंटा नाही, आणि स्वयंपाकघरातून आप्पांचा आवाज ऐकू येईना. म्हणून तिसऱ्याच दिवशी आम्ही त्यांचा पलंग ओढून बाहेरच्या खोलीत आणला, खिडकीशी. आता पेपरवाला थांबतो, वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई डोकावतात, नळ दुरुस्त करायला आलेला माणूस तर तासभर गप्पा मारून गेला आणि नळ तसाच गळतो आहे. आप्पा आता कोणाला हाक मारत नाहीत. उलट कालपासून कुरकुर सुरू झाली आहे, घरात क्षणभर शांतता नाही म्हणून.

मी त्यांना विचारलं, वन्संना इतक्यांदा का बोलवत होतात? म्हणाले, तसं काही नको असायचं. पण घंटा वाजवली की ती दारात दिसायची. दिसली की काहीतरी मागायला हवं, म्हणून पाणी.

वन्सं, मनाला लावून घेऊ नका. डॉक्टरांनी शांतता सांगितली होती. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि तुमच्याइतकं नीट केलं नसतं. आम्ही दोघं असून दहा दिवसांत माझी कंबर धरली आहे. तुम्ही एकटीने काय केलं असेल, ते आता कळतंय.

आप्पांना आमच्या गावी न्यायचं नाही, त्यांना इथली खिडकी सुटणार नाही. तुमच्या भावाने इकडे बदलीसाठी अर्ज केला आहे. मंजूर होईल असं साहेब म्हणाले. आपण तिघं मिळून पाळीपाळीने करू. तेव्हा बॅग सोडा. घंटेची घाई नाही.

कधी बोलून दाखवत नाही, पण लोभ इकडेही आहे.

तुमची भावजय


१८ जून

चि. दोघांस अनेक आशीर्वाद.

आजची जीप मी सोडली.

भावजयीवर रागावू नकोस, छोट्या. तिने लिहिलं ते बरं केलं. वाचून आधी तुमचा राग आला, मग आप्पांचा, मग डॉक्टरांचा. मॅनेजरबाईंनी हातमोजे दिले, पण त्या दिवशी मी कचऱ्यावरही राग काढला. सहा वर्षं मी धावत होते रे. हातातलं पीठ न धुता, तोंडात घास असताना धावले. आणि त्यांना पाणी नको होतं. नुसती दारात दिसले असते तर चाललं असतं. भाजी निवडायला त्यांच्याजवळ जाऊन बसले असते तर त्यांचीही कटकट वाचली असती आणि माझीही. शांतता हवी म्हणून मी दार ओढून घ्यायचे. सगळं नीट करायचं ठरवलं होतं ना मी.

मग मी झोपले. जेवणाची वेळ होऊन गेली तरी कोणी उठवलं नाही. तो पक्षी ओरडत होता, पण माझे पाय पांघरुणातच राहिले. आज त्याला पाहिलाही. एवढासा आहे, हिरवा, एवढं ओरडावं असं काही कारण दिसेना. सुनावायचे चार शब्द राहूनच गेले.

महिना संपेपर्यंत इथेच राहते. थकवा अजून आहे, पण आता तो माझा वाटतो, आधी घरातल्या सामानासारखा वाटायचा. आप्पांना सांग, मी आल्यावर त्यांच्याच खोलीत बसून भाजी निवडणार आहे, आणि गप्पाही मारणार नाही, म्हणजे त्यांना शांतता मिळेल. त्यांची दाढी मात्र तूच करत राहा, हात बसेल.

लोभ वाढवा असं म्हणत नाही. तिघांत वाटून घेऊ.

तुमची ताई

ता. क. घंटा इथे ठेवून येऊ का म्हणून विचारलं, तर मॅनेजरबाईंनी पाटीकडे बोट दाखवलं. तेव्हा ती परत येते आहे. पण आता माझ्या उशाशी राहील. कधी वाजवली तर धावत येऊ नका, पाणीही आणू नका. मला काही नको असेल. कोणीतरी नुसतं दारात येऊन उभं राहा.